पुढचा ब्रेक, ओली रिम आणि जुन्या सायकलींबद्दलचे गैरसमज

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या सायकलीवर काम सुरू झालं की आधी गंज घासला जातो, मग रंग येतो, मग चामड्याची सीट, डायनामो, घंटी. नळीवरचं कंपनीचं मूळ चिन्ह वाचवायला लोक रात्री जागवतात. ब्रेकची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यावर संपते: ‘त्या काळचे ब्रेक असेच असायचे.’

हे वाक्य मला मान्य नाही. रॅले, हर्क्युलिस, हंबर, बीएसए, नंतर आपल्याकडची हिंद, सेन-रॅले, ॲटलस या सायकलींवर लोक गिरणीत गेले, शाळेत गेले, कॅरिअरवर बायको आणि नळीवर पोर घेऊन उतारावरून आले, आणि थांबायच्या ठिकाणी थांबले. तीच सायकल आज थांबत नसेल तर त्याला कारण असतं. ते शोधता येतं आणि बहुतेक वेळा दुरुस्तही करता येतं. ते शोधण्याच्या आड येतात आपल्या ऐकीव समजुती. त्यांतल्या काही नुसत्या चुकीच्या आहेत, तर एक चक्क जिवावर बेतणारी आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गैरसमज: पुढचा ब्रेक दाबला की सायकल उलटते, म्हणून खरा ब्रेक मागचाच

सायकल शिकवताना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ही ताकीद दिली गेली आहे. परिणाम कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात दिसतो. मागची रबरं झिजून पत्रा रिमला लागलेला, आणि पुढची रबरं कोरी करकरीत. कित्येक सायकलींचा पुढचा ब्रेक सैल करून ठेवलेला असतो, काहींचा तर काढूनच टाकलेला.

वस्तुस्थिती अशी की सायकल थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. वेग कमी होऊ लागला की शरीराचा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. मागचं चाक हलकं होतं, त्याची रस्त्यावरची पकड घटते आणि थोडा जोर वाढवताच ते फरफटायला लागतं. फरफटलेलं चाक आणखी काही थांबवू शकत नाही. म्हणजे मागच्या ब्रेकला एक मर्यादा आहे आणि ती ब्रेक किती भारी कंपनीचा आहे यावर ठरत नाही, भार कुठे आहे यावर ठरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकनं गुरुत्वत्वरणाच्या साधारण पाव पटीनं वेग उतरवता येतो. पुढचा ब्रेक नीट वापरला तर हे प्रमाण सुमारे निम्म्यापर्यंत जातं. त्याच्याही पुढे गेल्यावर मागचं चाक उचललं जाण्याची भीती सुरू होते.

हिशेब करून पाहा. ताशी २० किलोमीटर वेगानं जाणारी सायकल निम्म्या प्रमाणानं तीन मीटरांच्या जरा पुढे थांबते. पाव प्रमाणानं तिला सहा मीटरांहून जास्त अंतर लागतं. समोर अचानक रिक्षाचं दार उघडलं तर मधले तीन मीटर फार महत्त्वाचे असतात.

उलटण्याची भीती एकेकाळी शंभर टक्के खरी होती, हेही सांगायला हवं. १८७० आणि १८८०च्या दशकांतल्या उंच चाकाच्या सायकलींवर स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या वरच बसलेला असे. ब्रेक म्हणजे भरीव टायरवर वरून दाबला जाणारा लोखंडी चमचा. तो जोरात दाबला, किंवा चाकाखाली साधा दगड आला, तरी माणूस डोक्यावर आपटायचा. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं ‘रोव्हर’ आणली आणि स्वार दोन चाकांच्या मध्ये, खाली येऊन बसला. आपली काळी चोवीस इंची सायकल तर आणखी सुरक्षित बेताची आहे. दोन चाकांत अंतर भरपूर, पुढचं चाक धरणारा चिमटा बराच तिरपा, आणि बसणारा ताठ व मागे रेललेला. अशा सायकलला पुढच्या ब्रेकनं उलटवायचं तर ब्रेक विलक्षण जोरदार लागला पाहिजे. बहुतेक जुन्या रॉड ब्रेकांकडून, म्हणजे लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकांकडून, तेवढा जोर निघतच नाही.

मग लोक पडतात ते का? एक कारण म्हणजे हात सैल सोडून ब्रेक दाबणं. सायकल थांबते, शरीर थांबत नाही, आणि ते हँडलवर जातं. दुसरं कारण वळणावर, वाळूवर किंवा शेवाळलेल्या रस्त्यावर पुढचं चाक अडवणं. तिथे पुढचं चाक बाजूला निसटतं, सावरायला वेळच मिळत नाही, आणि अशा जागी पुढचा ब्रेक जपूनच वापरायला हवा. तिसरं कारण यांत्रिक आहे आणि जुन्या सायकलींत तेच जास्त घातक. रॉड ब्रेकचा यू आकाराचा दांडा चिमट्याला बसवलेल्या दोन लहान मार्गदर्शक पट्ट्यांमधून वरखाली होतो. त्या पट्ट्यांचे स्क्रू सैल झाले की दांडा तिरका होतो आणि रबर थेट चाकाच्या तारांमध्ये घुसू शकतं. तेव्हा चाक एका क्षणात अडकतं. अशा अपघाताचा दोष ‘पुढच्या ब्रेक’च्या माथी मारला जातो, पण तो दोष न आवळलेल्या स्क्रूचा असतो.

गैरसमज: आधी रॉड आले, सुधारणा म्हणून केबल आली

अर्नेस्ट मोनिंग्टन बोडेन यांनी बाहेर लवचिक नळी आणि आत तार असलेल्या केबलचं पेटंट १८९६ साली घेतलं. ब्रिटिश रोडस्टरवर रॉड ब्रेकचं राज्य सुरू झालं तेव्हा केबल अस्तित्वात होतीच. दोन्ही पद्धती एकाच काळात वाढल्या आणि अर्धशतकाहून जास्त काळ शेजारी शेजारी नांदल्या. (रॅले कंपनीचे फ्रँक बोडेन वेगळे. आडनाव सारखं असल्यानं केबलचं श्रेय त्यांना चिकटवलं जातं.)

केबल हाताशी असताना कारखानदारांनी रोजच्या सायकलला रॉड का लावले, याचं उत्तर सायकल कुठे वापरली जाणार होती त्यात आहे. केबलच्या नळीत पाणी आणि धूळ शिरते, तार गंजते, एकेक धागा तुटत जातो आणि शेवटी ऐन उतारावर ती सुटते. रॉड गंजला तरी काम करतो. वाकला तर हातोडीनं सरळ होतो. खेडेगावातला लोहारसुद्धा त्याची डागडुजी करू शकतो. आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून फिरणाऱ्या सायकलला तोच शहाणपणाचा ब्रेक होता. काळ्या सायकलींवर तो आजही आहे, यामागे नुसती सवय नाही.

त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. रबरं रिमच्या बाजूंना धरत नाहीत, रिमच्या आतल्या, आसाकडे पाहणाऱ्या पृष्ठभागावर ओढली जातात. त्यासाठी रिमही खास असते. मधे तारांसाठी गोलसर पन्हळ आणि तिच्या दोन्ही कडांना सपाट पट्ट्या. तिला वेस्टवूड रिम म्हणतात. या रचनेचा फायदा असा की चाकाला बाजूचा थोडा आऊट असला, म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे डुलत असलं, तरी ब्रेकला फरक पडत नाही. तोटा असा की चाक उड्या मारत असेल, म्हणजे गोलाईतच फरक असेल, तर ब्रेक एका फेऱ्यात एकदा धरतो आणि एकदा सोडतो. केबल ब्रेकच्या सवयीनं दुकानदार फक्त बाजूचा आऊट काढतो आणि सायकल परत देतो. रॉड ब्रेकवाल्यानं त्याला उडी काढायला सांगावं.

रॉडची खरी दुबळी बाजू त्याचे सांधे. लिव्हरपासून रबरापर्यंत, विशेषतः मागच्या ब्रेकमध्ये, लहान लहान तरफा आणि पिना आहेत. प्रत्येकीत केसभर झीज धरली तरी बेरीज मोठी होते. लिव्हर हँडलला टेकतो आणि रबर रिमला जेमतेम शिवतं. ‘रॉड ब्रेक लागतच नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची सायकल पाहिली तर बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. नव्या पिना, थेंबभर तेल, रॉडच्या लांबीची नीट जुळणी, एवढ्यानं ब्रेक बदलल्यासारखा वाटतो. हँडल वरखाली केलं असेल तर रॉडही सैल करून पुन्हा आवळावा लागतो. हे विसरल्यामुळेही अनेक ब्रेक बदनाम झाले आहेत.

गैरसमज: पावसात ब्रेक लागत नाही, कारण रबर वाईट

रबराचा वाटा थोडा, रिमचा मोठा. जुन्या सायकलींची रिम पोलादी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या दिवसात रबर तिच्यावर छान धरतं. ओली झाली की त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा थर राहतो आणि रबर त्या थरावरून सरकतं. एमआयटीतले प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी १९७०च्या दशकात यावर प्रयोग करून घेतले आणि ‘बायसिकलिंग सायन्स’ या पुस्तकात त्यांची माहिती दिली. नेहमीच्या रबराचं ओल्या रिमवरचं घर्षण कोरड्याच्या दशांशापेक्षाही खाली गेलेलं दिसलं. त्याहून दचकवणारी गोष्ट पुढची आहे. ब्रेक पूर्ण दाबून ठेवल्यावरही पकड वाढायला सुरुवात होण्याआधी चाकाचे सरासरी तीसेक फेरे झाले. अठ्ठावीस इंची चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरांचा. म्हणजे पहिले साठ-सत्तर मीटर ब्रेक जवळपास नुसता पाणी पुसत असतो.

चकाकणारी रिम म्हणजे चांगली रिम, असं जुन्या सायकलींच्या बाजारात मानलं जातं. दिसायला ती चांगलीच असते. पण पुण्यात जून ते सप्टेंबर सायकल चालवणाऱ्यानं, आणि कोकणातल्यानं तर नक्कीच, चकाकीचा हा दुसरा अर्थ लक्षात ठेवावा. हे कारखानदारांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये फायब्रॅक्स कंपनीनं पोलादी रिमसाठी चामड्याचा थर लावलेली रबरं बनवली. चामडं पाण्याच्या थरातूनही रिमला धरतं. ॲल्युमिनियमची रिम ओल्यात पोलादापेक्षा बरीच बरी वागते, पण ती बाजूनं धरायची असते, म्हणून रॉड ब्रेकच्या सायकलला चालत नाही. तेव्हा आपल्या हाती राहतं ते एवढंच: पावसात उतार यायच्या आधीपासून दोन्ही लिव्हर हलके दाबत रिम पुसून घ्यायची, आणि वेग मुळात चढूच द्यायचा नाही.

हबमधला ड्रम ब्रेक या संकटातून मोकळा असतो. स्टर्मी-आर्चर कंपनी १९३०च्या दशकापासून सायकलच्या हबमध्ये बसणारे ड्रम ब्रेक बनवत आली. पोलादी डब्यात अर्धगोल पट्टे बाहेरच्या बाजूला फाकतात, पाऊस आत पोचत नाही आणि रिम झिजत नाही. वजन जास्त, आणि तुफान जोराची अपेक्षा ठेवू नये. पण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकसारखा लागणारा ब्रेक हवा असेल तर जुन्या ब्रेकांत मी ड्रमलाच पहिला नंबर देईन.

गैरसमज: लिव्हर कडक लागतो म्हणजे ब्रेक जोरदार

दुकानात उभ्या सायकलचा लिव्हर दाबून लोक ब्रेकची परीक्षा करतात. कडक, दगडासारखा लागला की मान डोलावतात. मऊ लागला की नाक मुरडतात. प्रत्यक्षात बरेचदा उलट असतं. ब्रेक ही तरफ आहे. हाताचा जोर अनेक पटींनी वाढवायचा तर लिव्हर जास्त अंतर फिरला पाहिजे आणि रबर कमी अंतर सरकलं पाहिजे. असा ब्रेक हाताला मऊ लागतो, कारण रबर किंचित दबतं तेवढ्यात लिव्हर बराच आत आलेला असतो. जोर कमी वाढवणारा ब्रेक कडक लागतो. अर्थात तार ताणते आहे किंवा भुजा वाकताहेत म्हणून मऊ लागणं ही वेगळी गोष्ट, आणि तो दोषच. दोन्हींतला फरक उभ्या सायकलवर कळत नाही, चालवूनच कळतो.

शर्यतीच्या जुन्या सायकली जमवणाऱ्यांमधला सेंटर-पुल विरुद्ध साइड-पुल हा वाद याच गोंधळातून रंगतो. फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँच्या माफाक कंपनीचे सेंटर-पुल ब्रेक १९५०च्या दशकापासून युरोपभर पसरले. तार मधोमध वर ओढली जाते, दोन भुजा आपापल्या खिळ्यावर फिरतात. खिळ्यापासून रबरापर्यंतचं अंतर कमी, म्हणून भुजा कमी वाकतात आणि जोर चांगला वाढतो. साइड-पुलमध्ये दोन्ही भुजा एकाच बोल्टवर, आणि तार एका बाजूनं. स्वस्त सायकलींवरचे साइड-पुल पत्रा दाबून केलेले असायचे. ते वाकायचे, एका बाजूला झुकायचे. त्यावरून ‘साइड-पुल म्हणजे हलका माल’ असं ठरून गेलं.

१९६८ साली कँपान्योलो कंपनीनं ‘रेकॉर्ड’ साइड-पुल आणला आणि मत पार फिरलं. घडाई उत्तम, बसवणूक नेमकी. काही वर्षांत ‘सेंटर-पुल म्हणजे जुनाट’ असं लोक म्हणू लागले. तांत्रिक दृष्ट्या पाहिलं तर नुसत्या जोराच्या बाबतीत माफाक त्या रेकॉर्डला मागे टाकतो. रेकॉर्डची खुबी वेगळी होती. बोटाच्या हालचालीला तो नेमका प्रतिसाद देतो, आणि शर्यतीच्या घोळक्यात वेग थोडासा उतरवायचा असतो, एकदम थांबायचं नसतं. घोळक्यात धावणाऱ्याला ते वरदान, पण भाजीची पिशवी घेऊन मंडईतून येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून ‘कुठला ब्रेक श्रेष्ठ’ या वादात मला रस वाटत नाही. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वजनाला, कुठल्या हाताला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. लहान हातांच्या स्वाराला माफाकचा लिव्हर लांब पडू शकतो, आणि मग त्याचा सगळा जोर कागदावरच राहतो.

माफाकची किंचाळीही प्रसिद्ध आहे. रबराचं पुढचं टोक रिमला केसभर आधी टेकेल असं वळवलं की ती बहुतेक बंद होते.

गैरसमज: पायानं लागणारा ब्रेक कधी दगा देत नाही

पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक आपल्याकडे फारसा रुळला नाही, पण अमेरिका, जर्मनी आणि हॉलंडमधून आलेल्या जुन्या सायकलींवर तो असतो. अमेरिकेत न्यू डिपार्चर आणि जर्मनीत फिख्टेल अँड झाक्सच्या टॉर्पेडो हबनं तो घराघरात पोचवला. तार नाही, रॉड नाही, सगळं हबच्या पोटात. देखभाल जवळपास शून्य, म्हणून तो अजिंक्य आहे अशी ख्याती.

सपाट शहरात ती ख्याती खरी आहे. डोंगरावर काय होतं याचा धडा कॅलिफोर्नियात मिळाला. मरिन परगण्यातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या रस्त्यावर ऑक्टोबर १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावर पळवण्याची शर्यत सुरू केली. सुमारे तीन किलोमीटरांत रस्ता ४०० मीटर खाली येतो. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही पुढे माउंटन बाइकच्या इतिहासात गाजलेली मंडळी त्यात होती. सायकलीसकट शंभर किलोचा स्वार ४०० मीटर उतरला तर सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी उकळीला आणून वर उरेल इतकी. तिचा काही भाग वारा आणि माती घेते, बाकीची सगळी त्या मुठीएवढ्या हबमध्ये. आतलं ग्रीस वितळून धूर होऊन बाहेर पडायचं आणि प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्यावरूनच त्या रस्त्याचं नाव ‘रीपॅक’ पडलं.

दोन गोष्टी आणखी. हा ब्रेक फक्त मागच्या चाकाला लागतो, म्हणून वर सांगितलेली पाव पटीची मर्यादा त्यालाही आहे. आणि चेन उतरली तर तो लागतच नाही. अशी सायकल आणलीच तर पुढे एक हाताचा ब्रेक लावून घ्यावा.

गैरसमज: मूळ रबरं बदलली तर सायकलचा अस्सलपणा जातो

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं रबर रबर राहिलेलं नसतं. हवेनं आणि उन्हानं ते कडक होतं, वर काचेसारखी साय येते, आणि ते रिमवरून घसरतं. कंपनीचं नाव कोरलेली जुनी रबरं जरूर जपावीत, पण डबीत ठेवून. पुण्यात कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जाऊन जुन्या सायकलींचे मूळ भाग डोळे भरून पाहावेत. रस्त्यावर मात्र नवं रबर. पोलादी रिमसाठी कूल-स्टॉपची तांबूस रबरं ओल्यात काळ्यांपेक्षा चांगली धरतात असा अनेकांचा अनुभव आहे. रॉड ब्रेकची साधी रबरं स्वस्त असतात, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही.

रबरं बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. ज्या पत्र्याच्या घरात रबर सरकवतात त्याचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला बंद तोंड आलं पाहिजे. ते उलटं बसलं तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला रिम रबराला ओढून बाहेर काढते. मग पत्रा रिमवर घासतो, किंवा रबर रस्त्यावर आणि स्वार उतारावर. रंगकामासाठी सगळं सुटं करून पुन्हा जोडलेल्या सायकलींत ही चूक हमखास सापडते, कारण जोडणाऱ्याचं लक्ष रंगाला ओरखडा जाऊ नये याकडे असतं.

जोडणी झाली की चढून बसण्याआधी सायकल शेजारून चालवत न्यावी. मागचा लिव्हर पूर्ण दाबला तर मागचं चाक फरफटलं पाहिजे. पुढचा पूर्ण दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर रॉड आवळावा, रबर एका बाजूलाच लागत असेल तर दांडा मधोमध घ्यावा, चाक एका फेऱ्यात एकदाच अडत असेल तर आधी उडी काढावी. दोन्ही चाकं पास झाली की मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगानं पुन्हा हेच करावं, आणि त्यानंतरच सायकल उताराकडे न्यावी.